तेलावर तोललेली मोटार



धर्मगुरूकडे आशीर्वादासाठी येणाऱ्या वस्तूंची कोणी यादी ठेवली असती, तर तीवरून गावाचा इतिहास लिहिता आला असता. एके काळी ती यादी विहीर, गोठा, नवी बैलगाडी आणि पेरणीचे बी यांपलीकडे जात नसे. पुढे सायकल आली, भाताची गिरणी आली, ट्रॅक्टर आला. आता आपल्या बेळगुंदीतही एखाद्या दारापुढे मोटार वा टेम्पो उभा असणे यात नवल उरलेले नाही. आणि ज्या अंगणात मोटार उभी राहते, त्या अंगणात आज ना उद्या तिची दुरुस्तीही सुरू होते. उद्यमबागेत किंवा मच्छे येथील कारखान्यात दिवसभर यंत्राशी झुंजून आलेला आपला तरुण संध्याकाळी चहा घेऊन होतो न होतो तोच शेजाऱ्याच्या टेम्पोखाली शिरतो, आणि आई आतून जेवणासाठी हाका मारीत राहते.

अशा घरांतून हल्ली एक नवा प्रश्न माझ्यापुढे येऊ लागला आहे. घराशेजारच्या गॅरेजात मोटार उचलण्याची लिफ्ट बसवावी काय, आणि बसविली तर फादर तिला आशीर्वाद देतील काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अवश्य देतील. ख्रिस्तसभेला यंत्रांचे वावडे नाही. १९८४ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादांच्या ग्रंथात वाहनांसाठी, कामाच्या हत्यारांसाठी आणि तांत्रिक साधनांसाठीही प्रार्थनाविधी दिलेले आहेत. पहिल्या प्रश्नाला मात्र इतक्या थोडक्यात उत्तर देता येत नाही. त्यात पैशाचा विचार आहे, जमिनीचा आहे, छपराच्या उंचीचा आहे, आणि या सर्वांहून मोठा असा, त्या मोटारीखाली उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाचा आहे. म्हणून आजचा हा स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांनीही तो वाचावा, कारण मोटारीखाली काम करणारा मुलगा कोणाच्याही घरचा असू शकतो.

मोटारीच्या पोटात हात घालण्याचा जुना मार्ग म्हणजे खड्डा. जमिनीत माणूसभर खोल, लांबट खड्डा खणावयाचा, त्याच्या कडा बांधून घ्यावयाच्या आणि गाडी त्यावर आणून उभी करावयाची. स्वस्त आणि साधा उपाय. परंतु आपल्याकडचा पाऊस ठाऊक असलेल्या माणसास या खड्ड्याचे सुख किती दिवसांचे ते सांगावयास नको. आषाढात तो विहिरीसारखा भरतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असतो. दोन्ही जमिनीलगत सरपटत येऊन खड्ड्यात साचतात, आणि मग एखादा फुटका दिवा वा विडीची ठिणगी पुरे होते. शिवाय उघडा खड्डा म्हणजे अंगणात खेळणाऱ्या मुलांना आणि दावे तोडून सुटलेल्या जनावराला सापळाच. आपल्यापैकी ज्यांनी निर्गम पुस्तकाचा २१ वा अध्याय वाचला असेल, त्यांना आठवेल की हा विषय मोशेच्या नियमशास्त्रातदेखील आलेला आहे. ज्याने खड्डा खणला आणि झाकला नाही, त्याने त्यात पडून मेलेल्या बैलाची वा गाढवाची भरपाई मालकाला करून द्यावी, असा तेथे स्पष्ट दंडक आहे. ‘बैलाला डोळे नव्हते काय?’ असा बचाव तेथे चालत नाही. खणणारा जबाबदार.

खड्डा नको म्हणून लोक जॅककडे वळतात, आणि माझ्या मते आपल्या गावांत आज सर्वांत मोठा धोका आहे तो येथेच. जॅक हे चाक बदलण्याचे साधन आहे. चाक बदलणारा माणूस गाडीच्या बाहेर बसलेला असतो, त्याचे अंग गाडीखाली नसते. त्याच जॅकवर गाडी उचलून, एखादी वीट वा दगड सरकवून, पाठीवर आत शिरणारी मुले मी रस्त्याने जाता येता पाहतो तेव्हा छातीत धस्स होते. वीट दाबाखाली तडकते आणि तिचे तुकडे होतात. तडकण्यापूर्वी ती कुरकुरत नाही. आपले आजोबा गाडीच्या चाकाला वंगण घालावयाचे तेव्हा आधी बैल सोडीत, चाकांपुढे दगड लावीत, आसाखाली सागाचा भक्कम ओंडका उभा करीत, आणि मगच चाकाला हात घालीत. त्यांनी यंत्रशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते, परंतु टेकू लावल्यावाचून बोज्याखाली जावयाचे नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. बैलगाडीला जे लागू होते, ते दीड टनाच्या मोटारीला लागू नाही असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता लिफ्टकडे येऊ. घरगुती गॅरेजात बहुधा दोन खांबांची लिफ्ट बसविली जाते. दोन बाजूंना दोन लोखंडी खांब, प्रत्येक खांबाला दोन हात, आणि हे चार हात गाडीच्या पोटाखाली ठरलेल्या चार जागी जाऊन तिला सुमारे सहा फूट वर उचलतात. विजेची मोटर पंप फिरविते, पंप तेल दाबतो, आणि तेल दट्ट्याला वर ढकलते. एक माणूस बोटाने बटण दाबतो आणि दीड-दोन टनांचे धूड संथपणे वर चढते. प्रथमच पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटेल, पण चमत्कार नव्हे. सृष्टीत देवाने घालून ठेवलेल्या एका नियमाचा हा उपयोग आहे, आणि तो नियम ज्याने स्पष्ट करून मांडला तो मनुष्य ख्रिस्ती वाचकाला परका नाही.

ब्लेझ पास्काल हा फ्रेंच विद्वान १६२३ साली जन्मला आणि १६६२ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी निवर्तला. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्याने दाखविले. त्याचा यावरील निबंध त्याच्या मरणानंतर १६६३ साली छापला गेला. अर्थ असा की, एक चौरस इंचाच्या लहान दट्ट्यावर तुम्ही २० किलोंचा भार दिला, आणि तेच तेल ५० चौरस इंचांच्या मोठ्या दट्ट्याखाली नेले, तर तो मोठा दट्ट्या १,००० किलो उचलील. मात्र सृष्टी फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या एक इंच वर यावयाचा तर लहान दट्ट्याला ५० इंच खाली जावे लागते. म्हणूनच जॅकचा दांडा इतक्या वेळा वरखाली करावा लागतो आणि मोटार तसूतसूने वर येते.

याच पास्कालने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी पॅरिस शहरात ठरावीक रस्त्यांवरून, ठरावीक भाड्यात, कोणाही प्रवाशाला घेऊन जाणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्याच्या उद्योगात भाग घेतला, आणि त्यातील आपला पैसा गरिबांना जावा अशी त्याची इच्छा होती. आजच्या बसगाडीची ती पणजी म्हणावयास हरकत नाही. त्याच्या काही धार्मिक मतांविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, ते येथे बाजूस ठेवू. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या जन्माच्या ४०० व्या वर्षी, १९ जून २०२३ रोजी, त्याच्यावर एक स्वतंत्र पत्र प्रसिद्ध करून त्याचा गौरव केला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पास्कालचा नियम कागदावरून कारखान्यात यावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याची खरी अडचण दाब निर्माण करण्याची नव्हती. दट्ट्याच्या कडेने पाणी गळू न देणे ही होती. कातड्याच्या वाटीसारख्या वॉशरने ती अडचण दूर झाली. ही गळतीची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यावयाचे आहे. पुढे अमेरिकेतील मेंफिस शहरात पीटर लुनाती या गृहस्थाने १९२५ च्या सुमारास मोटार उचलण्याची लिफ्ट तयार केली. न्हाव्याची वरखाली होणारी खुर्ची पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. केस कापून घेता घेता असा विचार करणारी माणसे थोडी!

हे सर्व दूर देशीचे झाले. परंतु तेलाच्या दाबाची ही विद्या आपल्या दाराशीही आलेली आहे, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटला पाहिजे. बेळगाव हे ओतकामाच्या भट्ट्यांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह यांसाठीही. सुरेश हुंद्रे यांनी १९८१ साली सुरू केलेल्या पॉलीहायड्रॉनचे नाव या धंद्यातील माणसास सांगावे लागत नाही, आणि प्रामाणिक व्यवहाराविषयीही ते आदराने घेतले जाते. आपल्या गावांतील कित्येक तरुण अशा कारखान्यांतूनच शिकून तयार झाले आहेत. त्यांच्या हातात विद्या आहे. म्हणूनच त्यांच्यापैकी एखादा जेव्हा म्हणतो, ‘‘फादर, विकत कशाला घ्यावयाची? खांब आणतो, वेल्डिंग करतो, लिफ्ट मीच बनवितो,’’ तेव्हा त्याच्या उत्साहाचे कौतुक वाटूनही मला त्याला थांबवावेसे वाटते. अरे बाळ, पंप बनविणे निराळे आणि माणूस ज्याच्याखाली उभा राहणार ते बनविणे निराळे. कारखान्यात तुझ्या हातच्या कामाची तपासणी करणारा दुसरा माणूस असतो, मापे असतात, चाचणीचे यंत्र असते. अंगणात तूच करणारा आणि तूच तपासणारा. वेल्डिंगचा सांधा वरून चांगला दिसतो आणि आतून पोकळ असतो, हे तुला मी सांगावे काय?

जुनी लिफ्ट घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. एखादे गॅरेज बंद झाले, लिफ्ट निम्म्या किमतीत मिळाली, म्हणून ती ट्रॅक्टरमध्ये घालून आणण्यापूर्वी तिची पुस्तिका मिळते काय, दोन्ही खांबांच्या खिट्ट्या जागेवर आहेत काय, लोखंडी दोरांचे धागे तुटलेले तर नाहीत ना, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे.

आता जमिनीविषयी. लिफ्टचे दुकानदार खांबांची चमक दाखवितात. खरे काम मात्र जमीन करीत असते. हात लांब करून पाण्याची भरलेली घागर धरून पाहा. भार हातावर असतो, पण तोल पायांकडे जातो आणि टाचा उचलू लागतात. लिफ्टच्या खांबांचे नेमके तसेच होते. गाडी मध्ये आणि खांब बाजूला, त्यामुळे दोन्ही खांब आत, एकमेकांकडे झुकू पाहतात, आणि त्यांच्या तळपट्टीचे बाहेरचे बोल्ट जमिनीतून उपटून निघू पाहतात. त्या बोल्टांना धरून ठेवते ते फक्त काँक्रीट. आपल्या पडव्यांत असते काय? चोपलेला मुरूम, त्यावर चार बोटे वाळू-सिमेंट आणि वर शहाबादी फरशी. फरशीला भोक पाडून त्यात बोल्ट ठोकणे म्हणजे भाकरीत खिळा ठोकण्यासारखे आहे. चार टनी लिफ्टसाठी चार इंचांहून कमी जाडीचे काँक्रीट निर्माते सहसा मान्य करीत नाहीत, आणि पुष्कळजण सहा इंच वा त्याहूनही अधिक मागतात. ज्या लिफ्टची जी पुस्तिका असेल, तीत लिहिलेले माप शेवटचे. जुनी फरशी उखडून, खाली जमीन नीट धुमसून, लोखंडी जाळी घालून नवा थर ओतणे हाच सरळ मार्ग. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी हे मिश्रण, ज्याला इंजिनिअर एम २० म्हणतात, ते खालची पायरी समजावी. एक, एक आणि दोन या प्रमाणाचे एम २५ अधिक चांगले. निपाणीकडील काळ्या रानात राहणाऱ्या वाचकांनी तर इंजिनिअरला विचारल्यावाचून पाऊलच टाकू नये. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी आपल्याबरोबर हलविते. आपल्याकडील तांबडी माती त्या मानाने शहाणी आहे, पण तिच्यावरही भरावाची जागा असेल तर विश्वास ठेवू नये.

छपराचे गणित बायकांनी अधिक लवकर केले असते, कारण माळ्यावर काय मावते ते त्यांना नेमके ठाऊक असते! मोटार पाच फूट उंच, ती सहा फूट वर गेली म्हणजे अकरा फूट झाले. टेम्पो याहून उंच. तेव्हा बारा फुटांखालील छपरात दोन खांबांची लिफ्ट नेऊ नये, नाहीतर पहिल्याच दिवशी मंगळुरी कौले अंगणात पडतील. खांब घराच्या जांभ्याच्या भिंतीला बांधण्याचा विचारही कोणी करू नये. आणि विजेची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, जमिनीला अर्थिंग घालूनच करावी. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडाविषयी याहून अधिक लिहावयास नको.

आता त्या गळतीकडे परत येऊ.

लिफ्ट तेलाने उचलते, हे खरे. परंतु तेलाने धरून ठेवावे, अशी तिची रचना नसते. वॉशर झिजतो, सील फाटते, नळी फुटते. बहुधा आधी थेंब थेंब तेल पडते आणि सूचना मिळते, पण नेहमीच मिळते असे नाही. म्हणून प्रत्येक चांगल्या लिफ्टच्या खांबात वरपासून खालपर्यंत खाचा असतात, आणि गाडी वर जाताना लोखंडी खिट्टी एकेका खाचेत ‘खट्, खट्’ असा आवाज करीत पडत जाते. आवाज दोन्ही खांबांतून यावयास हवा. हव्या त्या उंचीवर गेल्यावर बटण सोडून चालत नाही. गाडी थोडी खाली उतरवून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांवर बसवावी लागते. ती बसली की बोजा तेलावरून लोखंडावर येतो. मग नळी फुटली तरी फार तर जमीन तेलकट होईल. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे, आणि घाईत नेमके तेच गाळले जाते. काहीजण तर आवाजाचा त्रास होतो, खाली उतरविताना वेळ लागतो, म्हणून खिट्टी तारेने बांधून कायमची उघडी ठेवतात. तसे केलेल्या लिफ्टखाली उभा राहणारा माणूस एका रबरी कड्याच्या भरवशावर उभा असतो.

वीज गेली म्हणजे खिट्टीवर बसलेली गाडी पुष्कळदा खाली उतरविता येत नाही, कारण खिट्टी सोडविण्यासाठी ती आधी थोडी वर उचलावी लागते. मग गिऱ्हाईक ओरडते, मालक वैतागतो. ओरडू द्यावे. गाडी अडकलेली बरी.

आणखी दोन गोष्टी जाणत्यांनी सांगितलेल्या येथे नोंदवितो. गाडीची चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबावे, गाडी हाताने हलवून पाहावी, चारही हात ठरलेल्या जागी नीट लागले आहेत याची खात्री करावी आणि मगच वर न्यावी. वीतभरावरून घसरली तर पत्रा वाकतो, सहा फुटांवरून घसरली तर काय होते ते लिहीत नाही. आणि इंजिन वा गिअरबॉक्ससारखा जड भाग काढला की गाडीचा तोल बदलतो. पुढची बाजू हलकी होते आणि मागची खाली झुकू पाहते. तेव्हा तो भाग काढण्यापूर्वी मागे उंच स्टँडचा आधार द्यावा. टेम्पोत रताळ्यांची पोती तशीच ठेवून तो वर चढविणाऱ्यांना तर काय म्हणावे!

अनुवाद पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जो नवे घर बांधील त्याने छताला कठडा बांधावा, म्हणजे तेथून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. इस्राएली लोकांची घरे सपाट छताची, उन्हाळ्यात माणसे वर झोपत, पाहुणेही वर बसत. देवाने त्यांना ‘छतावर जाऊ नका’ असे सांगितले नाही. ‘माझ्यावर भरवसा ठेवून निर्धास्त झोपा’ असेही सांगितले नाही. कठडा बांधा, असे सांगितले. गवंड्याचे काम हा धर्माचाच भाग आहे, असे मानणारा हा नियम मला फार प्रिय आहे. लिफ्टची खिट्टी हा मोटारीचा कठडा आहे.

आपल्यात एक वाईट सवय आहे. कोणी असा अपघातात गेला की आपण चटकन म्हणतो, ‘देवाची मर्जी.’ कोणी त्याहून पुढे जाऊन ‘काहीतरी पाप असेल’ असेही कुजबुजतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली तेव्हा लोकांनी हाच तर्क केला होता, आणि प्रभू येशूने तो साफ नाकारला, हे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात वाचावे. मेलेल्यावर पाप लादू नये आणि तारेने बांधलेल्या खिट्टीचा दोष देवावर ढकलू नये. पाचवी आज्ञा केवळ सुरी उगारणाऱ्यासाठी नाही. गंभीर कारणावाचून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हेही त्या आज्ञेचे उल्लंघन आहे, असे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २२६९ व्या परिच्छेदात सांगितले आहे.

आणि हा दुसरा कोण? गॅरेजचा मालक स्वतः क्वचितच खाली जातो. खाली जातो तो हाताखालचा पोरगा, पाना आणून देणारा, काजळलेल्या हातांनी हसणारा. शाळा सुटली, घरी अडचण, ‘काहीतरी शिकेल’ म्हणून बापाने आणून सोडलेला. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १८ वर्षांखालील मुलांना धोक्याच्या धंद्यांत ठेवण्यासही बंदी आहे. कायद्याचे राहू द्या. ज्या मालकाला आपला मुलगा त्या गाडीखाली पाठविताना क्षणभर विचार करावासा वाटेल, त्याने दुसऱ्याच्या मुलाच्या वेळी तितकाच विचार करावा. त्या पोराला खिट्टीचा आवाज ओळखावयास शिकवावे, आणि ‘बसली नाही, मी जाणार नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा असावी. असे म्हणणाऱ्या पोराला शिवी देणारा मालक मला ठाऊक झाला, तर रविवारी मिस्सानंतर मी त्याला भेटेन.

राहिला पैशाचा प्रश्न, तो थोडक्यात. नवी लिफ्ट लाखाच्या पुढेच जाते, त्यात जमीन आणि वीज निराळी. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे आपल्या प्रभूने सांगितलेलेच आहे. ज्याला केवळ घरची एक मोटार सांभाळावयाची आहे, त्याला लिफ्टची मुळीच गरज नाही. चांगला जॅक, योग्य वजनाचे चार लोखंडी स्टँड आणि सपाट कठीण जमीन एवढ्यात त्याचे काम भागते. ज्याचा धंदा चालला आहे, रोज दारात दोन-तीन गाड्या येतात, आणि पाठ मोडेपर्यंत जमिनीवर लोळून काम करावे लागते, त्याने कर्ज काढूनही घ्यावी. उभ्याने काम करणे ही चैन नव्हे. मोटारीखाली लोळून चाळिशीतच पाठ धरलेले मिस्त्री आपण पाहतोच. मात्र सोसायटीचे कर्ज आईच्या दागिन्यांवर काढण्यापूर्वी आईला विचारावे, एवढे माझे म्हणणे आहे.

ज्यांचा बेत पक्का झाला असेल त्यांच्यासाठी तारखांचे गणित सांगून ठेवतो. काँक्रीटला पुरते बळ यावयास २८ दिवस लागतात, आणि त्यापूर्वी बोल्ट आवळू नयेत. १ मे हा कामकरी संत योसेफचा सण, पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केलेला. त्या दिवशी सकाळी मिस्सा ऐकून थर ओतला, तर २९ मे रोजी २८ दिवस भरतात आणि मृगाच्या पावसापूर्वी खांब उभे राहतात. आशीर्वादासाठी मी त्यानंतर येईन, आणि तीर्थ शिंपडण्याआधी गाडी वर चढवून खिट्टी बसवून दाखवावी लागेल. मे महिन्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असते, म्हणून थरावर तरटाची पोती अंथरून ती भिजती ठेवावीत. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि हल्ली बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस. धुण्याचे उरलेले साबणाचे पाणी त्यावर ओतू नये. स्वच्छ पाणीच घालावे, सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा.